रिकामा काटा शून्यावर

कोणतंही वजन असो, माझ्या हाताखालून गेलं की ते बरोबरच. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि या कामात माझा हात धरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानामुळे झालं असं कुणी म्हणायला नको. ते ज्ञानामुळेच झालं.

माझी भाची बिट्टी डीजे आहे. तीही जुन्या पद्धतीची. दोन टर्नटेबल मांडायचे, त्यांवर रेकॉर्डी फिरवायच्या आणि हाताने त्या मागेपुढे ओढत एका गाण्यात दुसरं गाणं मिसळायचं. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, याला 'तबकड्या घासणं' म्हणते. ताईने लेकीचं वाजवणं कधी धड बसून ऐकलंच नव्हतं. त्या संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये बिट्टीचा पहिला कार्यक्रम होता आणि ताई कशीबशी यायला कबूल झाली होती.

"ऐकते एकदा," ती म्हणाली. "नाही पटलं तर ही यंत्रं माझ्या घरातून हलवायची. मग वाद घालायचा नाही."

हॉल माझ्या दुकानासमोरच आहे. बिट्टीने दुपारी सगळं जोडलं, वाजवून पाहिलं आणि कपडे बदलायला घरी निघाली. जाताना म्हणाली, "मामा, जरा लक्ष ठेव. हात मात्र लावू नकोस हं."

आता लक्ष ठेवायचं म्हणजे बघायचं, आणि बघायचं तर जवळूनच. प्रत्येक टर्नटेबलवर एक लांब दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला सुई, मागच्या टोकाला फिरवता येणारं गोल वजन, त्यावर आकडे, आणि मध्ये आधार. अहो, हा तर चक्क तराजू! माझे हात शिवशिवायला लागले.

त्यातून तो तराजू बिघडलेला. दांडा सुईकडे झुकत होता आणि आकडा चारवर होता. रिकामा काटा चार दाखवायला लागला, तर गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढेल का? शेजारी यंत्राची माहितीपुस्तिका पडली होती. पहिलंच वाक्य असं : दांडा हवेत आडवा तरंगेल इतकं वजन फिरवा आणि आकडा शून्यावर आणा. मला अगदी भरून आलं. इतकं शहाणं पुस्तक मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. त्यामुळे पुढचं पान उलटायची गरजच वाटली नाही.

दोन्ही दांडे मी असे तोलले, की नुसती फुंकर मारली तरी डुलावेत. मग धंद्याच्या रीतीप्रमाणे वजनांच्या कडेला लाल लाखेचा एकेक ठिपका दिला. काटा बरोबर केला की तो असा बंद करायचा, म्हणजे कुणी आगाऊ माणूस त्याला पुन्हा हात लावत नाही.

संध्याकाळी हॉल भरला. ताई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बिट्टीने सुई खाली सोडली, पण सुई रेकॉर्डवर टेकेचना. बोटाने दाबली तेव्हा गाण्याचे दोन शब्द आले, आणि बोट उचलताच सुई उडी मारून दुसऱ्याच कडव्यात जाऊन पडली. बिट्टीने रेकॉर्ड मागे ओढली, तर सुई घसरत थेट मधल्या कागदावर. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हे असंच असतं का?" बायकोने माझ्या कानात विचारलं.

"असंच असतं," मी म्हणालो. त्या रांगेत जाणकार म्हणावा असा मी एकटाच होतो.

बिट्टी मागचं वजन फिरवायला गेली. ते हलेना. तिने वाकून पाहिलं, लाल ठिपका दिसला, आणि तिने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मग ताईनेही पाहिलं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी हीच लाख आहे.

ताई उठली. मला वाटलं, चालली घरी. बिट्टीलाही तेच वाटलं असावं, कारण तिचा चेहरा एवढासा झाला. पण ताई सरळ स्टेजवर चढली, केसांतला आकडा काढला आणि लाख खरवडायला लागली.

"शून्यावर आहे, म्हणजे बरोबरच आहे," मी खालून म्हणालो.

"मामा, शून्य म्हणजे सुईवर भारच नाही," बिट्टी रडवेली होऊन म्हणाली. "आधी तोलायचं, मग चार ग्रॅम भार द्यायचा. मी रेकॉर्ड ओढते तेव्हा सुई खाचेत घट्ट बसायला नको का?"

"किती फिरवू?" ताईने विचारलं.

"हळूहळू, आई. एक... दोन... अजून. चारवर थांब. आता सुई सोड."

ताईने सुई सोडली आणि हॉलभर गाणं दणाणलं. ती दचकली. मग वाकून सुईकडे बघत राहिली.

"आणि ही मागे ओढली तर?"

"ओढून बघ ना."

ताईने रेकॉर्ड ओढली. स्पीकर असा काही कण्हला की ती खळखळून हसली. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

"दुसऱ्या यंत्राची लाख मी काढतो," म्हणत मी उठलो.

"तू बस," दोघी एकदम म्हणाल्या.

आता यंत्रं ताईच्या पुढच्या खोलीत मांडली आहेत, कारण मागच्या खोलीत तिला सुई नीट दिसत नाही. परवा बिट्टीचा फोन आला. "मामा, पुढच्या कार्यक्रमाला तू हवासच." माझी छाती फुगली.

"किती वाजता येऊ?"

"संपल्यावर ये. खोकी उचलायला माणूस लागतो."