नवशिक्याने शीड कुठून घ्यावं

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं जाणकार सांगतात. पाण्यात पडण्याआधी काय काय विकत घ्यावं लागतं, याचा मात्र या जाणकारांनी अजिबात विचार केलेला दिसत नाही. विंडसर्फिंगच्या बाबतीत ही उणीव फारच जाणवते. या खेळात एका रुंद फळीवर उभं राहायचं असतं. फळीला डोलकाठी, डोलकाठीला शीड आणि शिडात वारा. माणूस मध्ये कुठेतरी लोंबकळत असतो. या पाच घटकांपैकी वारा आणि माणूस फुकट मिळतात (म्हणून त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही). उरलेले तीन घटक नवशिक्याने गावातल्या दुकानातून घ्यावेत की परदेशातून मागवावेत, या प्रश्नावर मी साडेचार महिने काम केलं. त्या कामाचा हा वृत्तांत.

मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. वय सत्तेचाळीस. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून तलाव दिसतो. एकवीस वर्षं मी त्या तलावाची पातळी रजिस्टरात लिहीत आलो आहे. त्यात पाय मात्र कधी घातला नव्हता. मागे डॉक्टरांनी माझं पोट दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "काहीतरी हालचाल करा." त्यांच्या मनात बहुधा चालणं असावं. पण चालायला काही विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे त्यात मन रमत नाही. खिडकीतून एकदोन शिडं दिसत होती. मी ठरवलं.

आमच्या तलावावर वर्षातले चार महिने दुपारचा वारा सुटतो. उरलेले आठ महिने पाणी हूं की चूं करत नाही. ही माहिती महत्त्वाची आहे, असं मला नंतर पुष्कळ लोकांनी सांगितलं.

इथे माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, उल्लेख करणं भाग आहे; कारण ताई शिडं शिवते. गावाबाहेरच्या कारखान्यात बारा मशिनींची एक शेड आहे. त्यातल्या सातव्या मशीनवर ती एकोणीस वर्षं बसते. शिवून झालेली शिडं लांब पिशव्यांत भरून परदेशी कंपनीकडे जातात, तिथे त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलं जातं आणि मग ती जगभर विकली जातात. थोडी, अगदीच थोडी, नाव न छापता आमच्या तलावाकाठच्या दुकानात येतात.

माझा बेत कानावर गेला त्या दिवशी ताई कामावरून थेट आमच्याकडे आली. बोटाला चिकटपट्टी, केसांत दोऱ्याचे तुकडे.

"अरे, एकोणीस वर्षं शिवतेय," ती म्हणाली, "पण वारा भरलेलं एकपण जवळून बघितलं नाही. आमच्याकडे ते टेबलावर मेल्यासारखं पडलेलं असतं. वाऱ्याचे दिवस संपले की मी रिटायर. मग मुलीकडे जायचं. तिच्या गावात तलाव सोड, साधं डबकं नाही. त्याआधी तू एकदा ते घेऊन पाण्यात उतर. मी काठावर धरून उभी राहते, तू ने. दुकानात सध्या चार आलीत बघ. त्यातलं पिवळं माझ्या मशीनवरचं आहे."

विनंती रास्त होती. म्हणून मी ती अभ्यासासाठी घेतली.

प्रथम स्थानिक पर्याय पाहिला. दुकानाचे मालक पूर्वी पोहायला शिकवत. त्यांनी फळी, डोलकाठी, पिवळं शीड, हातात धरायची दांडी, डोलकाठी फळीला जोडणारा रबरी सांधा आणि एक लाइफ जॅकेट एवढं सगळं पंधरा मिनिटांत समोर मांडलं आणि म्हणाले, "उद्या तीनला या. वारा बेताचा आहे. पडाल, पण कंबरेएवढंच पाणी आहे, उभे राहाल." यावर माझे आक्षेप पुढीलप्रमाणे नोंदवले:

एक. वस्तू समोर होती. समोर असलेल्या वस्तूबद्दल वाचण्यासारखं काही उरत नाही.

दोन. मालकांनी आपण होऊन दोष सांगितला: "फळी जड आहे, पण नवशिक्याला जडच बरी." विकणारा खरं बोलू लागला की घेणाऱ्याचा विश्वास उडतो.

तीन. कुठेही 'तज्ज्ञांची पसंती' असा शिक्का नव्हता. (तज्ज्ञ स्वतः गल्ल्यामागे डबा खात बसले होते, पण त्याला शिक्का म्हणता येत नाही.)

चार. शीड ताईने शिवलं होतं. लहानपणी जिने माझ्या चड्डीला ठिगळं लावली, तिच्या शिवणीवर भर तलावात कसं विसंबायचं? ती ठिगळं कधी उसवली नाहीत, हे खरं. पण मुद्दा तो नाही.

'पिकतं तिथे विकत नाही' ही म्हण लोक उगाच तक्रारीच्या सुरात म्हणतात. मी तिच्याकडे धोरण म्हणून पाहतो.

मग परदेशी पर्याय. कंपनीच्या संकेतस्थळावर शिडाचे छत्तीस फोटो होते आणि एकाही फोटोतला माणूस माझ्यासारखा दिसत नव्हता. हे पाहून खात्री पटली. ग्राहकांचे दोनशे चौदा अभिप्राय मी वाचून काढले. पैकी एकशे नव्वद जणांनी शीड उत्कृष्ट असल्याचं कळवलं होतं. त्यांतल्या एकशे साठ जणांनी पिशवी अजून उघडलेली नव्हती. अशी निःपक्षपाती माणसं गावात मिळत नाहीत.

"अरे, पण ते आमच्याच शेडमधलं आहे!" ताई म्हणाली. "तेच कापड, तोच दोरा, त्याच बायका. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला?"

मी तिला शांतपणे समजावलं. शीड तेच, हे मान्य. पण एक शीड इथेच राहिलं आणि दुसरं तिकडे जाऊन, तिथे पसंत पडून, मग इकडे आलं. दोघांची योग्यता एक कशी? उदाहरणार्थ, माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. हा माणूस आमच्याकडे आला की स्टुलावर बसायचा. सहा वर्षं परदेशात राहून आला, तेव्हापासून त्याला हाताची खुर्ची देतात. माणूस तोच, पाठ तीच. बायकोला हे उदाहरण आवडलं नाही, पण खुर्ची पुसायला तीच धावते.

ताईने केसांतला दोऱ्याचा तुकडा काढून टाकला. मग म्हणाली, "बरं. कुठूनही आण. पण वाऱ्यात आण."

मी परदेशात मागणी नोंदवली. डोलकाठी आणि शीड कुरियरने, फळी बोटीने, आणि रबरी सांधा मेहुण्याबरोबर (तो त्याच सुमारास कामासाठी पुन्हा तिकडे गेला होता, छोटी वस्तू माणसाबरोबर आलेली बरी).

दरम्यान एक प्रशासकीय अडचण उद्भवली. आमच्या कार्यालयातल्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन ते पिवळं शीड आणि बाकीचं सगळं उचललं. त्याने तक्ता केला नाही, अभिप्राय वाचले नाहीत, मला विचारलंसुद्धा नाही. दुपारची सुट्टी झाली की तो पँट दुमडून पाण्यात. मी खिडकीतून त्याच्या पडण्याची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी एकसष्ट वेळा. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. अकरा दिवसांत एकूण दोनशे सहा. बाराव्या दिवशी तो तलावाच्या पलीकडच्या काठाला जाऊन परत आला आणि माझ्या तक्त्यात भरायला काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी तो ओल्या केसांनी माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, दुकानवाले सांगत होते, हे शीड तुमच्या ताईंच्या हातचं आहे. रविवारी त्यांना घेऊन या ना. त्यांनी हातात धरून बघावं. मी काठाकाठानंच फिरवीन, त्यांना नीट दिसेल."

मी "बघू" म्हणालो.

हा निरोप मी ताईला दिला नाही. कारणं दोन. ताईने आयुष्यात जवळून पाहिलेलं वारा भरलेलं पहिलं शीड उत्तमच असायला हवं. आणि ते भावाचं असावं, भावाच्या शिपायाचं नव्हे. निरोप मी 'योग्य वेळी' या सदराखाली ठेवला. (या सदरातून आमच्या कार्यालयात आजवर काहीही बाहेर आलेलं नाही.) त्यानेही पुढे तीनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. पिवळं शीड रोज दुपारी खिडकीसमोरून जात राहिलं. मी काम वाढल्याचं कारण सांगून टेबल फिरवून घेतलं.

ताई दर रविवारी फोन करायची. "आलं का रे?"

"निघालंय."

डोलकाठी आली ती दुसऱ्याच कुणाची, चार फूट आखूड. ती परत गेली. फळी बंदरात अडकली, कारण ती कशात मोडते हे तिथल्या अधिकाऱ्यांना ठरवता येईना. सत्तावीस दिवसांच्या विचारविनिमयानंतर तिची नोंद 'टेबल (पाय सुटे)' अशी झाली आणि सुटे पाय कुठे आहेत याचा खुलासा मागवण्यात आला. मी खुलासा केला की पाय माझे स्वतःचे आहेत. त्यावर आणखी नऊ दिवस गेले. मेहुणा सांधा न घेताच परतला. तिथे दुकान शोधायला त्याला वेळ झाला नाही. पण खुर्चीत बसून त्याने सविस्तर सांगितलं की तिकडे ही वस्तू कुठेही सहज मिळते.

"आलं का रे?"

"बंदरात आहे, ताई. दर्जेदार मालाला वेळ लागतो."

वारा गेला आणि एकोणिसाव्या दिवशी सांधा सोडून बाकी सगळं सामान दारात आलं. यालाच वरातीमागून घोडं म्हणतात. पण घोडं परदेशी होतं, हे ही म्हण लक्षात घेत नाही. ताईचा कारखान्यातला निरोप समारंभ आदल्याच आठवड्यात झाला होता. चौथ्या दिवशी ती मुलीकडे जाणार होती.

मी हात टेकणाऱ्यातला नाही. ताईला घरी बोलावलं. हॉलमधला सोफा भिंतीला लावला. हॉलची उंची साडेनऊ फूट आणि डोलकाठी तेरा फूट, त्यामुळे डोलकाठी तिरपी करून तिचं टोक खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या गॅलरीत काढलं (त्यांनी त्यावर रुमाल वाळत घातले, तेवढं सोसलं). सांधा नसल्याने खालचं टोक बादलीत. शिडासमोर दोन टेबलफॅन, एक आमचा आणि एक शेजाऱ्यांचा, पूर्ण वेगात.

ताई नवी साडी नेसून आली होती. ती शिडापासून चार पावलांवर उभी राहिली. मी पंखे सुरू केले. शिडाची खालची कड थोडी फडफडली. वर्तमानपत्र उडून सोफ्यामागे गेलं. बाकी शीड जसंच्या तसं.

"भरतोय का वारा?" तिने विचारलं.

"भरतोय. वेळ लागतो."

ती जवळ गेली. कापडावरून हात फिरवला, कोपरा उलटून शिवण पाहिली. "हे माझं नाही," ती म्हणाली. "नवव्या मशीनवरचं आहे. ती कोपऱ्यात दोनदा मागे घेते." मग कोपरा सोडून, "दुकानातलं पिवळं गेलं का रे कुणाला?"

"आमच्या शिपायाने घेतलं."

"चालवतो?"

"रोज चालवायचा. आता वारा नाही."

ताईचा चेहरा एकदम उजळला. तिने पंखे बंद केले, दोन्ही. "तुझ्या खिडकीतून दिसत असेल ना? कसं दिसायचं?"

"अकरा दिवसांत तो दोनशे सहा वेळा पडला," मी सांगितलं.

"पडण्याचं नाही रे विचारत. शिडाचं विचारतेय. वारा भरल्यावर कसं व्हायचं ते?"

माझ्या तक्त्यात शिडाचा रकाना नव्हता. ते रोज माझ्यासमोरून गेलं होतं आणि मला ते सांगता येईना. मला लाज वाटली, हे इथे स्पष्टपणे नमूद करतो. त्या भरात मी शिपायाचा निरोपही सांगून टाकला.

ताई रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने शीड डोलकाठीवरून उतरवलं. मी त्याची घडी घालायला लागलो तर माझा हात बाजूला केला. "घडी नसते घालायची. चुण्या पडतात त्या जात नाहीत. असं गुंडाळायचं." गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीची नाडी बांधून तिने ते माझ्या हातात दिलं. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली.

निष्कर्ष: परदेशी शीड सरस आहे. ते अद्याप एकदाही पाण्यात गेलेलं नसल्याने त्यात एकही दोष आढळलेला नाही. तसा अभिप्राय मी कंपनीला कळवला आहे.

हा वृत्तांत छापायला देण्यापूर्वी मी तो एकतीस जणांना वाचायला दिला. त्यांपैकी सव्वीस जणांनी परदेशी कंपनीचं नाव विचारलं. चौघांनी माझा मेहुणा पुन्हा कधी जाणार आहे, ते विचारलं. एक गृहस्थ म्हणाले की ताईचं वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं आणि मग कंपनीचं नाव विचारलं. बत्तिसावी ओळ मी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. इतका वेळ तुम्ही ताईच्या बाजूने होतात, तेव्हा एकदम विचारायला संकोच वाटणं साहजिक आहे. वाटलाच, तर "सहज, माहितीसाठी" असं म्हणून विचारा. पहिल्या सव्वीस जणांनीही तसंच विचारलं होतं.