कॉलरच्या मापाचा फॉर्म

"आज पाचच्या आत माझा फॉर्म कॉलेजच्या खिडकीत गेलाच म्हणून समजा! आणि खूण अर्थशास्त्रालाच! कुणीही आडवं आलं तरी बदल नाही!"

दुपारी जेवताना सगळ्यांना असं सुनावून खिळा कपडे बदलायला गेली. घरात तिला खिळाच म्हणत. एकदा ठोकला की पक्कडीनंही निघायचा नाही.

फॉर्मवर तीन चौकोन होते: लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, वित्त. त्यांवरून घरात तीन आठवडे रण पेटलं होतं. बाबा शिंपी. त्यांचा हट्ट लेखाशास्त्राचा. "हिशेबनीस कधी उपाशी मेलेला पाहिलायस?" मामा वित्ताचा भक्त, कारण वित्तवाले सूट घालतात. मामा स्वतः कुठल्याच विषयात धड पास झाला नव्हता. पण सल्ला द्यायला पास व्हावं लागतं थोडंच! जगातले निम्मे सल्ले नापासांच्याच जिवावर चालतात.

खिळ्याला डाचत होतं ते वेगळंच. दोरा महागला, बटणं महागली, दुकानाचं भाडं दुप्पट झालं. मग बाबांची शिलाई अकरा वर्षं तेवढीच का? हे ठरवतं कोण? अर्थशास्त्र शिकूनसवरून तिला एकदा त्या ठरवणाऱ्यालाच जाब विचारायचा होता.

ती बाहेर आली तर फॉर्म गायब!

"बाबा, माझा फॉर्म?"

दुकान पुढच्याच खोलीत. बाबांच्या तोंडात टाचण्या. त्यांनी भुवईनंच कात्रीकडे खूण केली. कात्रीशेजारी एक सुबक कॉलर पडली होती. कागदाची! जाड कागद दिसला की त्याचा नमुना कापायचा, हा बाबांचा तीस वर्षांचा शिरस्ता. लग्नपत्रिका गेल्या, विजेची बिलं गेली, मामाची गुणपत्रिकाही गेली. तिच्याबद्दल मात्र कुणी हळहळलं नाही.

बाबांनी टाचण्या काढल्या. "गिऱ्हाईक दारात उभं होतं गं! आणि कागद काय ताठ!"

"त्यावर माझं आयुष्य छापलं होतं!"

"मी पाठीमागून आखलं. पुढं कोण बघतो?"

कात्री नेमकी मधून फिरली होती. विषयांची नावं एका तुकड्यावर, खूण दुसऱ्यावर. आणि तळाशी ठळक ओळ: खराब झाल्यास दुसरा फॉर्म मिळणार नाही.

आई रडायच्या बेतात होती. मामा म्हणाला, "वित्तवाल्यांचं असं होत नाही."

खिळ्यानं तुकडे गोळा करून बाबांपुढे आदळले. "तुम्ही कापलंत, तुम्हीच शिवा!"

आणि बाबांनी शिवला की! मशीनवर, बारीक टाक्यात, दुहेरी शिलाईनं. खिळा तो घेऊन पळत सुटली. कोपऱ्यावर तिची नजर फॉर्मवर गेली आणि पाय थबकले. खूण लेखाशास्त्रासमोर!

ती तशीच माघारी आली. "बाबा!"

"टाका सरकला असेल."

"तीस वर्षांत कुणाची बाही सूतभर सरकली नाही, आणि आज अख्खी ओळ सरकली?"

बाबांनी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठीच सोय. खिळ्यानं शिवण स्वतः उसवली, अर्थशास्त्रावर बोट रोवून उभी राहिली आणि त्यांच्याकडून पुन्हा शिवून घेतली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती खिडकीशी पोचली. कारकुनानं फॉर्म उजेडात धरला, दोन्हीकडून ओढून पाहिला.

"कॉलर आहे का ही?"

"फॉर्म आहे! घ्या लवकर!"

"टाका झकास आहे." त्यानं हातभर उंच गठ्ठ्यातून कोरा फॉर्म काढला. "हा भरा."

"पण दुसरा मिळणार नाही, असं छापलंय ना?"

"ते घाबरवायला छापतो हो. नाहीतर लोक चार-चार नेतात!"

खिळ्यानं अर्थशास्त्रावर अशी खूण केली की पेन कागदाच्या पार गेलं. कारकुनानं न बघताच शिक्का मारला.

"विषय तरी बघा!"

"कशाला? पहिल्या वर्षी तिन्हींना अभ्यास एकच. खरी निवड पुढच्या वर्षी, नव्या फॉर्मवर." मग तो पुढे झुकला. "शिवणारे कोण? माझी पँट कमरेत सैल करायचीय. काय घेतात?"

खिळ्यानं दर सांगितला. दुप्पट.

"उद्या आणतो," तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची! अकरा वर्षं, आणि फक्त तोंड उघडायचं होतं!

ती दोन पावलं गेली आणि गर्रकन वळली. "पुढच्या वर्षीचा फॉर्म कसल्या कागदाचा असतो?"

"याहून जाड," कारकून अभिमानानं म्हणाला. "एकदम ताठ!"