जिनिव्हाची फेरी रद्द

निपाणीतल्या आमच्या गल्लीत सकाळी भेटलेला माणूस विचारतो, ‘पाणी आलं का?’ शेजारचे यशवंतआण्णा मात्र कंपाउंडवरून डोकावून सांगतात, “मास्तर, जिनिव्हात लई माणसं कमी झाल्यात बघा.” चेहरा असा, की तिथल्या रजेचे अर्ज जणू यांच्याकडेच येतात.

आण्णा जन्मभर बस डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मानवी हक्कांची संस्था काढली. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, टपाल टाकायलाही तेच. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनी मला परस्पर नेमून टाकलं.

हे काम नक्की काय आहे, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. देश मानवी हक्कांच्या करारावर सही करतो. तो करार आपण किती पाळला याचा अहवाल देशच लिहितो. जिनिव्हातली संयुक्त राष्ट्रांची समिती तो तपासते. आणि सरकारनं जे लिहायचं टाळलं, ते आण्णांसारख्यांनी समितीला कळवायचं.

“म्हणजे समितीचं देशानं ऐकायलाच पाहिजे?” मी एकदा विचारलं.

“तसं न्हाय.”

“मग नाही ऐकलं तर?”

“परत विचारत्यात की!”

“आणि अहवालच दिला नाही तर?”

“आठवण करत्यात.”

माझं डोकं गरगरायला लागलं. आण्णा निवांत होते. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक कचेरी म्हणजे डेपोच. समितीचे सदस्य हे बिनपगारी ड्रायव्हर, आणि त्यांचे कागद जुळवून देणारे कर्मचारी हे कंडक्टर. “डायव्हर बसून हाईत, कंडक्टर न्हाईत. गाडी हालनार कशी, सांगा बघू?”

परवा त्या समितीच्या कचेरीनं व्हिडिओवर बोलायला वेळ दिली. बोलणार होत्या शेवंताक्का. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचा मुलगा एका लॉजच्या मैल्याच्या टाकीत उतरला आणि गुदमरून गेला. सरकारी कागदावर आलं, ‘पाय घसरून मृत्यू’. त्याला उतरवलं कुणी, हे कुणीतरी मोठ्या माणसानं आपल्या तोंडून ऐकावं, एवढंच आक्कांचं मागणं.

आमच्याकडे कचेरीत एकट्यानं जायची रीत नाही. तलाठ्याकडे जायचं तरी चार माणसं सोबत लागतात, नाहीतर कुणी दाद देत नाही. तेव्हा आण्णांनी चार माणसं गोळा केली आणि प्रत्येकाला आपापल्या फोनवरून मीटिंगमध्ये शिरायला लावलं. आण्णांच्या एका खोलीत चार फोन! आण्णांनी “नमस्कार” म्हटलं, तो नमस्कार घुमत, किंचाळत परत परत आमच्याच अंगावर येऊ लागला. पडद्यावरची कचेरीतली बाई कान दाबून बसली. शेवटी तिनं विचारलं, “आपण चार संस्था आहात की एक?”

“तिला सांगा, संस्था एकच हाय, पर एकटी न्हाय,” आण्णा म्हणाले. मी इंग्रजीत नुसतं ‘एक’ म्हणालो.

तीन फोन बंद केल्यावर जरा शांतता झाली. आण्णांनी विचारलं, “तुमच्याकडनं कोण कोण हाय?”

“मी एकटीच,” ती म्हणाली. “बाकीच्यांच्या जागा गेल्या. पैसे नाहीत, अधिवेशन पुढं ढकललंय. तेवढंच कळवायला आले. आज काही नोंदवून घेता येणार नाही.”

आक्का काठाची जपून ठेवलेली साडी नेसून आल्या होत्या. आज त्यांना हे काही सांगू नये, असं मी आण्णांच्या कानात म्हणालो. आण्णा खवळले. “फेरी रद्द म्हंजे रद्द म्हणून सांगायचं. माणसाला ताटकळत ठेवायचं न्हाय.” त्यांनी स्वतःच आक्कांना सगळं सांगितलं. मग पडद्याकडे वळून हात जोडले. “बाई, लिवू नगा. नुसतं ऐका तरी.”

ती ऐकायला थांबली. आक्का बोलल्या. मी भाषांतर करताना दोनदा अडखळलो, पण ती घाई करत नव्हती. शेवटी ओशाळून म्हणाली, “अधिवेशन लागलं की यांना हे सगळं पुन्हा सांगावं लागेल.”

“यीन की,” आक्का म्हणाल्या. “घरात त्याचं नाव काढलं की सून उठून जाती. हितं तरी बोलाय गावतंय.”

सगळे गेले. मीही निघालो, तर आण्णा म्हणाले, “बसा की मास्तर जरा.” बसलो. त्यांनी आपला फोनही बंद केला. मग म्हणाले, “माझा धाकटा भाऊ बी असाच टाकीत उतरून गेला. मी डूटीवर होतो. हे कुणाला सांगायचं असतंय, तेच तवा ठावं नव्हतं.”

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, पण आण्णांना भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं.

“नाव काय त्यांचं?” मी विचारलं.

“दत्तू,” आण्णा म्हणाले. “लई हसवायचा बघा.”