पेडणेकर आणि रिकामे फोल्डर

कोणत्याही फोल्डरमध्ये शिरण्याआधी पेडणेकर टेबलावर दोनदा टकटक करतात. बोटांच्या पेरांनी, हळूच, पण ऐकू जाईल इतकं. मग एंटर दाबतात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागलो तेव्हा पहिले काही दिवस दर टकटकीला मान वर करून "हां, बोला" म्हणायचो. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुला नाही रे. आत कोण असेल त्याला."

आमची कंपनी जुन्या चाळींच्या जागी टॉवर बांधते. ऑफिस दादरला. नकाशे, परवानग्या, करारनामे असं सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेलं असतं, आणि तिथे काय काय आहे याची यादी काढणारा प्रोग्राम पेडणेकरांनी लिहिलाय. स्क्रीनवर एकेक फोल्डर उघडत बसलो तर आम्ही तिथेच रिटायर होऊ. म्हणून त्या सॉफ्टवेअरला एपीआय नावाची एक मागची खिडकी असते. आपल्या प्रोग्रामने तिथे जाऊन प्रश्न विचारायचा आणि उत्तर घेऊन यायचं. पण खिडकीपलीकडचा गृहस्थ भलताच हातचं राखून बोलणारा. प्रोजेक्टबद्दल विचारलं की फक्त वरवरचे फोल्डर सांगतो. त्यातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारलं की त्याच्या आतलं सांगतो, तेही थोडं थोडं. पुढचं हवं असेल तर पुन्हा विचारा.

दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. पेडणेकरांना मात्र हा कारभार मनापासून पटलेला. "बरोबरच आहे त्याचं," ते म्हणतात. "आधी जिन्यात विचारायचं, मग गॅलरीत, मग दाराशी. अख्ख्या चाळीची माहिती कोण फाटकावर देतं का?"

दोन प्रश्नांच्या मध्ये त्यांचा प्रोग्राम थांबतो. घाईघाईने विचारत सुटलं तर पलीकडचा वैतागून काही वेळ उत्तरंच देत नाही, त्यामुळे थोडं थांबावं लागतं हे खरं. पण पेडणेकरांचा प्रोग्राम इतका थांबतो की मी खाली जाऊन चहा पिऊन येतो. एकदा न राहवून म्हणालो, "अहो, मशीन आहे ते!" तर म्हणाले, "म्हणून त्याला धाप लागू द्यायची?"

त्यांचं आवडतं वाक्य, "अजून आहे का?" यादी संपली असं पलीकडून स्वच्छ कळलं तरी त्यांचा प्रोग्राम आणखी एकदा विचारून घेतो. हा गुण यंत्रापुरता राहिला असता तर आम्ही सुखात असतो. पण आमच्या मॅनेजर बागवे मॅडम मीटिंग आटोपून लॅपटॉप मिटतात, खुर्च्या सरकू लागतात, आणि मागून प्रेमळ आवाज येतो, "मॅडम, अजून आहे का?" मॅडमना हमखास काहीतरी आठवतं. म्हणून मीटिंगच्या शेवटी पेडणेकरांच्या तोंडात चकली असेल हे बघायची जबाबदारी माझ्याकडे आहे.

रिकाम्या फोल्डरवर तर त्यांचा विशेष जीव. एकदा यादीत 'न्यू फोल्डर' असं निघालं. आत काही नाही. तुम्ही-आम्ही काय करू? उडवू. पेडणेकर उठले आणि टेबलाटेबलावर फिरले. "हा कोणाचा? निदान बारसं तरी करा, बाबांनो." अकाउंट्सवाल्यांपासून शिपाई शिंद्यांपर्यंत सगळ्यांना विचारून झालं. कोणी कबूल होईना. शेवटी त्यांनीच त्याचं नाव ठेवलं, 'बेवारस नाही'.

तर असा हा माणूस. आणि त्याने मागच्या महिन्यात बागवे मॅडमना चक्क "नाही" म्हटलं.

लालबागच्या एका चाळीचं काम चालू आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या प्रत्येक खोलीचा एक फोल्डर, नुसत्या खोलीच्या नंबराचा. मॅडमचा नियम असा, की पहिली फाइल फोटोची. भाडेकरू आणि त्याच्या घरची माणसं खोलीच्या दारात उभी हवीत. मग भाडेपावत्या आणि बाकीचे कागद. यादी शुक्रवारी आर्किटेक्टकडे जाणार होती, आणि यादीत असतील त्याच खोल्यांना पहिल्या वाटपात नवी घरं. सगळ्यांचे फोटो आले. फक्त एकतीस नंबर कोरा.

"रिकामे फोल्डर यादीतून काढून टाका," मॅडम म्हणाल्या.

"नाही काढणार," पेडणेकर म्हणाले.

मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"अहो, दाराला दोनदा नोटीस लावली. माणूस यायला नको?"

"फोल्डर रिकामा आहे मॅडम. खोली आहे ना तिथे."

"मग तिथला माणूस उद्यापर्यंत आणा. नाहीतर एकतीस नंबर गेला पहिल्या यादीतून." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "यांना जमत नसेल तर प्रोग्राममध्ये ती एक ओळ तू लिही."

एका ओळीचंच काम. पण पेडणेकरांचा चेहरा इतका उतरला होता की माझा हात काही चालेना. मीच म्हणालो, "लालबाग काय लांब आहे? उद्या जाऊन बघून येऊ कोण राहतं ते." मॅडम म्हणाल्या, "चला, मीही येते. एकदाचा निकाल लावू."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एकतीस नंबरच्या दाराला कुलूप होतं.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "मी काय म्हणत होते?"

पेडणेकरांनी खिशातून किल्ली काढली.

आम्ही दोघं बघतच राहिलो. ते लालबागला राहतात हे माहीत होतं, पण लालबागला अर्धं ऑफिस राहतं. यादीत नंबर असतात, आडनावं नसतात, आणि आम्हाला कधी विचारायचं सुचलं नाही.

"अहो पेडणेकर!" मॅडमचा आवाज चढायला गेला आणि मध्येच उतरला. "मग फोटो द्यायला काय झालं होतं?"

"घरची माणसं हवीत ना फोटोत. होती आई. शिमग्याच्या दिवसांत वारली."

"एकट्याचाही चालतो की!"

"नियमात चालतो, मॅडम. काढून बघितला ना मी. समोरच्या कठड्यावर मोबाइल ठेवून, दोन-तीनदा." ते खाली बघत चष्मा पुसायला लागले. "दारच एवढं मोठं दिसतं त्यात."

रोज एका हाताच्या अंतरावर बसणारा माणूस, आणि त्याच्या घरी आता कोणी नाही हे मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

एवढ्यात शेजारच्या बत्तीस नंबरमधून राणेकाकी बाहेर आल्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं हे लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"काय रे सुहास, एकटोच उभो रवतलंस? मग आमी काय मेलंव?" त्या पेडणेकरांवर गरजल्या. "तुझी आवस नाय म्हणान काय झाला, मी आसंय मां!"

आणि त्यांनी गॅलरीभर हाका मारल्या. दारं उघडीच होती, माणसं निघाली. कोणी बनियनवर शर्ट चढवत आलं, कोणी केस विंचरत आलं. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा जिन्यातूनच ओरडत होते, "थांबा रे, मी आल्याशिवाय काढू नका!" पेडणेकरांना सगळ्यांनी मध्ये ढकललं. काकींनी त्यांचा दंड असा धरला होता की त्यांना पळणं शक्य नव्हतं.

"अहो, पण फक्त कुटुंबातल्याच..." मॅडम सुरू झाल्या.

"तू पण ये गो," काकींनी त्यांचा हात धरून त्यांना आपल्या बाजूला ओढलं. "इतक्या लांबसून इलंस ती."

मी फोटो काढला. मॅडमनी साडीचा पदर सारखा केला, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि सवयीने तपासू लागल्या.

"यात दार दिसत नाही, पेडणेकर. नियमाप्रमाणे दार दिसायला हवं."

पेडणेकर त्यांच्या खांद्यावरून वाकून फोटोकडे बघत राहिले. बराच वेळ. चष्मा हातात तसाच होता, म्हणजे त्यांना नक्की किती दिसत होतं कोण जाणे.

"आहे हो मॅडम," ते म्हणाले. "माणसांच्या मागे आहे."

तिथेच गॅलरीत उभं राहून मॅडमनी तो फोटो खोली एकतीसच्या फोल्डरमध्ये चढवला.