लाल दोऱ्याचं काज

"मामा, सगळे नुसतं छान छान म्हणतायत. तुम्ही तरी मनापासून सांगा," भाची म्हणाली, आणि तिथेच घोटाळा झाला.

माणसांच्या फोटोंचं तिचं हे पहिलंच प्रदर्शन. मामा टेलर, सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षांत मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. त्यांची नजर गळ्यापासून खाली सुरू होई. त्यामुळे बाकीचे भिंतीवरच्या चेहऱ्यांत दुःख, करुणा वगैरे शोधत असताना मास्तर मनापासून म्हणाले, "ह्या बाईंची बाही काखेत धरतेय. म्हणून त्या अशा उदास."

लोक हसले. चार जण मागे लागले, पुढच्या फोटोपाशी आठ झाले. मास्तरांना चेव चढला. सात नंबरपाशी पोचेपर्यंत निम्मा हॉल पाठीशी होता. फोटोत एक दाढीवाले गृहस्थ, अंगात तपकिरी कोट. खाली लिहिलं होतं, 'निवृत्त पोस्टमन'.

"अरेरे! डावा खांदा बघा, बोटभर खाली. कॉलर मानेवर रुसून बसलीये. हा कोट शिवला नाही हो, गुंडाळलाय!"

एवढ्यावर भागलं नाही. अभिप्रायाच्या वहीत मास्तरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नंबर सात : कोट शिवणाऱ्याला लाज वाटायला हवी. गृहस्थांनी माझ्याकडे यावे, नीट करून देईन.' खाली सही आणि दुकानाचा पत्ता.

पेनाला टोपण लावताहेत तोच मामी कानाशी आल्या. "अहो, त्या कोटाचं शेवटचं काज बघितलंत का?"

काज लाल होतं. आपल्या हातच्या कोटाचं शेवटचं काज लाल दोऱ्याने करायचं, ही मास्तरांची खूण. "चित्रकार सही करतो, मी काज करतो," हे त्यांनी हॉलमधल्या बहुतेकांना कधी ना कधी ऐकवलेलं होतं.

सात नंबरपाशी जाऊन, खात्री करून मास्तर मामींकडे परतले. "वहीचं पान फाडू?"

"त्याच्याखाली बँकेच्या साहेबांनी लिहिलंय, 'सहमत'."

उरला एकच उपाय. मास्तर फोटोसमोर गेले, काजावर तळहात ठेवला आणि मान खाली घालून उभे राहिले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामांना सात नंबर फारच भिडलाय!"

"नमस्कार, मास्तर. वहीत वाचलं."

मागे साक्षात पोस्टमन उभे होते, त्याच कोटात. मास्तरांचा हात गळला. काज उघडं पडलं, आणि हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं.

"त्याचं काय आहे," मास्तरांनी शेवटचा धागा धरला, "जन्मभर पत्रांची पिशवी डाव्या खांद्यावर. खांदा उतरणारच. कोट त्याला धरूनच बेतलाय."

"पिशवी मी उजव्या खांद्यावर घ्यायचो," पोस्टमन ओशाळून म्हणाले. "नऊ वर्षं सांगीन सांगीन म्हणत होतो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून धीर झाला नाही. आता तुम्हीच लिहिलंत..." आणि त्यांनी कोट काढून, नीट घडी करून मास्तरांच्या हातात दिला.

चार दिवसांनी पोस्टमन दुकानात आले. कोट घालून त्यांनी बटणं लावली आणि शेवटच्या काजाशी थबकले. काज तपकिरी झालं होतं.

"मास्तर, लाल दोरा?"

"काढला," मास्तर म्हणाले. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं. "कसा बसतोय? मनापासून सांगा."

"छान," पोस्टमन म्हणाले, आणि चटकन दुसरीकडे बघायला लागले.