मुंगसाच्या दारी हत्ती

एका जंगलात एक मुंगूस राहत असे. कुठलं जंगल ते विचारू नका, मुलांनो. नाव घेतलं की तिथले रहिवासी मोर्चा काढतात आणि गोष्ट राहते बाजूला.

मुंगसाचं नाव नकुलराव. त्यांचा व्यवसाय दिसण्याचा होता. हसू नका. मुंगूस दिसणं शुभ असतं, घरातल्या मोठ्यांना विचारा. जंगलात कुणाचं लग्न निघालं, कुणी नवं बीळ खोदायला घेतलं, की नकुलरावांना आधी सांगून ठेवत. ठरल्या वेळी ते झुडपातून निघत, वाटेच्या मधोमध थांबत, मान वळवून तोंड दाखवत आणि पलीकडच्या झुडपात शिरत. काम एवढंच. पण ते मान वळवणं सात पिढ्यांचं होतं. उगाच कुणालाही जमणारं नव्हतं.

कोल्ह्याकुत्र्यांची पोरं त्यांच्या मागे धावत. "काका, तोंड दाखवा! सिंहमहाराजांची आण आहे!" मग नकुलराव थांबत आणि फुकटात तोंड दाखवत. यात त्यांना मनापासून आनंद होई.

त्या वर्षी दसऱ्याला युवराजांचा राज्याभिषेक होता. युवराज सिंहासनाकडे निघाले की समोर काहीतरी शुभ दिसायला हवं, अशी रीत होती. ज्याचं दर्शन होईल त्याला 'राजशकुन' ही पदवी मिळे. गेल्या सात पिढ्या ती मुंगसांच्याच घरात होती. या वेळी मात्र राजवाड्यातून निरोप आला, "परंपरा आहेच. पण बघू."

'पण बघू' हे दोन शब्द नकुलरावांच्या काळजात रुतले. कारण त्यांना माहीत होतं, राजवाडा कुणाकडे बघतोय.

राजवाडा भारद्वाजपंतांकडे बघत होता. भारद्वाज पक्षी दिसणंही शुभच. आणि पंतांनी नुकताच घोडा घेतला होता. कोरा. खोगिरावरचं कापडसुद्धा अजून काढलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, भारद्वाजाला पंख असतात, त्याला घोडा कशाला? तुमच्या वडिलांना पाय आहेत ना? मग.

"पंत घोड्यावरून आले की सगळे उठून उभे राहतात," नकुलराव बायकोला म्हणाले. "मी गेलो की म्हणतात, बसा, बसा, तुमचंच घर आहे."

"मग चांगलंच आहे की," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं."

नकुलरावांनी घोड्याची चौकशी केली. घोडा परवडत होता, पण कसाबसा. आणि घोडा घेतला तर पंतांची बरोबरी झाली असती, बरोबरीत काय अर्थ? तेवढ्यात कुणीतरी कानात सांगितलं, "नव्या घोड्याच्या किमतीत वापरलेला हत्ती मिळतो."

मुलांनो, या एका वाक्याने जितकी घरं हलली आहेत, तितकी भूकंपानेही हलली नसतील.

"अहो, तुम्ही वीतभर," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर," नकुलराव म्हणाले.

जंगलाच्या वेशीवर तरसशेठांचा तळ होता. दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या वस्तूंवरच त्यांच्या घराण्याची गुजराण होत आली होती, त्यामुळे जुन्या मालातलं त्यांना कळे. शिवाय तरस सतत हसत असतो. त्यामुळे तो कशाला हसतोय हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

नकुलराव एकटे गेले नाहीत. सोबत माहितगार म्हणून सुतारपक्षी अण्णांना नेलं. अण्णांना फक्त लाकडातलं कळे. पण ते ठोकून बोलत, म्हणून जंगलात त्यांना सगळ्यातलं कळतं असं मानत.

"हा रणमस्त," तरसशेठ म्हणाले. समोर एक हत्ती उभा होता. तेल चोळून असा चकचकीत केलेला, की त्याच्या पोटात नकुलरावांना आपलं तोंड दिसलं. ते त्यांना नेहमीपेक्षा मोठं वाटलं. "एकच मालक. खुद्द सिंहमहाराज. तेही फक्त दसऱ्याला बाहेर काढायचे."

"मग सोडला का?"

"महाराजांना दर वर्षी नवा लागतो," तरसशेठ म्हणाले आणि हसले.

"वय काय असेल?"

"हत्तीचं वय विचारू नये. चाल बघावी." तरसशेठांनी हत्ती चालवून दाखवला. उतारावरून.

"दात?"

"दाखवायचे वेगळे आहेत, खायचे वेगळे. दोन्ही तुम्हालाच मिळतील. त्याचे जादा घेत नाही."

अण्णांनी हत्तीच्या पायावर चोच मारली. मग पोटावर. मग कानावर. "पोकळ नाही," ते म्हणाले. "आतून भरीव आहे. घ्या."

"खातो किती?" नकुलरावांनी सहज विचारलं.

तळावर बांधलेल्या दोन सांडण्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. तरसशेठांनी नकुलरावांच्या खांद्यावर हलकेच पंजा ठेवला.

"नकुलराव, असं घोडेवाले विचारतात. हत्ती घेणारे नाही विचारत."

नकुलराव शरमेने लाल झाले. त्यांनी सात पिढ्यांनी साठवलेला मध, सगळेच्या सगळे दहा रांजण, तिथल्या तिथे मोजून दिला.

घरी जाताना हत्ती पहिल्यांदा बोलला. आवाज अदबशीर होता. "मालक, एक विचारू का? संध्याकाळच्या जेवणाची काय व्यवस्था आहे?"

तरीही खरं सांगायचं तर नकुलरावांना त्या दिवशी फार बरं वाटलं. अंगणातल्या उंबराच्या फांदीवरून ते हत्तीच्या पाठीवर उतरले, आणि त्यांना नदी दिसली. नदीपलीकडचं रान दिसलं. आयुष्यभर त्यांनी गवताचे बुंधेच पाहिले होते, गवताला शेंडे असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. वाटेत ससे बाजूला झाले. रानडुकरं बाजूला झाली. भारद्वाजपंतांचा घोडासुद्धा बाजूला झाला.

"रामराम, हत्तीवाले!" सगळे म्हणाले.

मोठ्या माणसांच्या दारी हत्ती झुलतात असं आपण म्हणतो. पण ज्याने म्हण काढली त्याचं दार मोठं असणार. नकुलराव एका जुन्या वारुळात राहत. रणमस्त झुलला की वारुळाची एक बाजू खचे. सुलक्षणाबाई रोज संध्याकाळी ती लिंपून काढत. माती जरा जोरात थापत.

नकुलराव पहाटेपासून चारा गोळा करत. तेल ओसरलं की हत्ती राखाडी आणि सुरकुतलेला दिसे, म्हणून तेल लावत. तेल लावलं की पाठीवरून पाय घसरे, म्हणून बेताने बसत.

"तुम्ही जरा खाली बसलात, तर मला चढणं सोपं जाईल," एकदा ते रणमस्तला म्हणाले.

"बसेन की," हत्ती म्हणाला. "पण उठवायला आणखी दोन हत्ती लागतील. गुडघे गेलेत. शेठनी सांगितलं नाही का?"

मग एका सशाच्या मुलीच्या लग्नात जरा चमत्कारिक गोष्ट घडली. नकुलराव हत्तीवरून गेले. मांडवासमोर थांबून त्यांनी मान वळवली, तोंड दाखवलं. झकास दाखवलं. वऱ्हाडाने हत्तीला हात जोडले. नंतर मुलीचा बाप हत्तीजवळ येऊन विचारू लागला, "सगळं थाटात झालं. पण मुंगूस कधी येणार?"

नकुलरावांनी हे घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या लक्षात आलं, की कोल्ह्याकुत्र्यांची पोरं आता मागे धावत नाहीत. ती हत्तीकडे तोंड वासून बघत उभी राहतात. आण कुणी घालत नाही.

"राज्याभिषेकाला चालत जा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "माझं ऐका. नेहमीसारखे झुडपातून निघा."

"हत्ती घरी ठेवून? मग घेतला कशाला?"



दसरा उजाडला. सोहळ्याच्या मैदानात झाडं उरली नव्हती, सजावटीसाठी तोडली होती. ढोल वाजत होते. नकुलराव रणमस्तवर बसून आत शिरले, तसे सगळे प्राणी उठून उभे राहिले. अगदी सगळे. नकुलरावांना वाटलं, आपले आजोबा आत्ता असायला हवे होते.

ठरल्याप्रमाणे त्यांना युवराजांच्या समोर, वाटेच्या मधोमध थांबायचं होतं. पण हत्ती काही विसरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रणमस्तला समोर सिंहमहाराज दिसले. त्याने सोंड उंच उचलून मुजरा केला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने सरळ सिंहासनाच्या मागे, आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"अहो, समोर! समोर चला!" नकुलराव ओरडले.

"माझी जागा इथेच असते, मालक," हत्ती शांतपणे म्हणाला.

"मग निदान सोंड खाली घ्या, मी उतरतो!"

"महाराज बसेपर्यंत सोंड खाली घेता येत नाही."

मुहूर्त जवळ आला. युवराज एक पंजा उचलून थांबले. "शकुन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मुंगूस कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

"इथे! मी इथे आहे!" नकुलराव वरून ओरडत होते. उड्या मारत होते. तेलावरून घसरत होते, पुन्हा चढत होते. त्यांनी मान वळवली. डावीकडून वळवली, उजवीकडून वळवली. सात पिढ्यांनी मिळून दाखवलं नसेल इतकं तोंड त्यांनी त्या दोन मिनिटांत दाखवलं. खालून हजार प्राणी वर बघत होते, आणि त्यांना हत्ती दिसत होता.

तेवढ्यात भारद्वाजपंतांचा घोडा ढोलाच्या आवाजाने बुजला. कोराच होता, ढोल कधी ऐकले नव्हते. त्याने पंतांना जे भिरकावलं, ते थेट युवराजांच्या उजव्या हाताला, पानांच्या कमानीत. पंत वेदनेने "कूप! कूप!" असे कण्हू लागले.

"भारद्वाज! उजवीकडे!" मुहूर्त बघणारा बगळा ओरडला. "आणि बोलतोही आहे! महाशुभ!"

युवराजांनी पंजा खाली टाकला. राज्याभिषेक झाला. भारद्वाजपंत लंगडत राजशकुन झाले.

नकुलराव हत्तीवर बसून रडले. तेही कुणाला दिसलं नाही.

जेवणावळी उठेपर्यंत रणमस्त जागचा हलला नाही. अंधार पडताना ते घरी पोचले. उंबराच्या फांदीवरून नकुलराव खाली आले तेव्हा सुलक्षणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"दिसलात एकदाचे," त्या म्हणाल्या, आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

दोन दिवसांनी राजशकुन भारद्वाजपंत पाय ओढत दारी आले. "नकुलराव, पदवी मिळाली. आता घोडा शोभत नाही. तुमचा हत्ती देता का?"

नकुलरावांना तरसशेठ आठवले. त्यांची सगळी वाक्यं तोंडपाठ होती. एकच मालक, फक्त दसऱ्याला बाहेर काढलेला. वाक्यं अगदी ओठांवर आली. पण आतून सुलक्षणाबाईंचा माती थापण्याचा आवाज आला, आणि नकुलरावांना वाटलं, जे आपलं झालं ते दुसऱ्याचं नको. मुंगूस तसा भला होता.

"पंत, घेऊ नका," ते म्हणाले. "फार खातो."

पंत हसले. "अहो, असं घोडेवाले बघतात. दहा रांजण मध देतो."

"गुडघे गेलेत त्याचे. बसला तर उठणार नाही."

"बसवायचा कशाला? बारा देतो."

"हा अजून महाराजांनाच मालक समजतो. तुमचं ऐकणार नाही."

पंतांचे लाल डोळे चमकले. "म्हणजे अजून राजवाड्यातलाच समजायचा! सोळा!"

"अहो पंत, यावर बसलं की आपण दिसत नाही हो! मी दिसलो नाही. म्हणून तर तुम्ही राजशकुन झालात!" नकुलरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

पंत गंभीर झाले. जवळ सरकून हळूच म्हणाले, "कळतं मला. एवढ्या प्रेमाची वस्तू सोडवत नाही. डोळ्यांत पाणी येईल नाही तर काय. वीस रांजण, आणि वर घोडा. आता नाही म्हणू नका."

रणमस्त निघाला. वळणावर त्याने नव्या मालकाला अदबीने काहीतरी विचारलं. वेळ संध्याकाळची होती.

पुढे महिन्याभराने नवे महाराज पहिल्या शिकारीला निघाले. राजशकुन हजर होते म्हणतात, पण कुणाला दिसले नाहीत. हत्ती मात्र सगळ्यांना दिसला. महाराज पंजा उचलून ताटकळले. तेवढ्यात एक मुंगूस चारा आणायला म्हणून वाट ओलांडत होता. घोडा फार खात नसला, तरी खातोच. झुडपाआडून पोरं ओरडली, "काका, तोंड दाखवा! महाराजांची आण आहे!"

नकुलराव मधोमध थांबले आणि त्यांनी मान वळवली.

त्या संध्याकाळी तरसशेठ त्यांच्या दारी आले. "माझी हयात गेली या धंद्यात," ते म्हणाले. "पण दुप्पट भाव मला कधी मिळाला नाही. काय सांगितलंत गिऱ्हाइकाला? मलाही शिकवा."

"खरं सांगितलं," नकुलराव म्हणाले. "सगळं."

तरस त्या दिवशी पहिल्यांदाच हसला नाही.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं. खोटं बोलून हत्ती फार तर ठरल्या भावाला जातो.