मैनाबाईंच्या काकडीच्या बियाण्याची हकीकत

श्री. ज्या मातीने बी झाकले तिला नमन, आणि ज्या वेलाने ते परत दिले त्याला नमन. शके अठराशे नव्व्याण्णव, पिंगलनाम संवत्सरी एका राज्यात जे जाहले ते सांगतो.

राज्य परसाएवढेच. भोवती बाभळीच्या काट्यांचा कोट, मध्ये आड, आणि आडाच्या पाण्यावर काकडीचे वेल. राजे हैबतराव वृद्ध जाहले होते. राणीसाहेब मैनाबाई काही वर्षांमागे स्वर्गवासी जाहल्या आणि युवराज परमुलखी चाकरीस राहिले, ते सणासही येत नसत. सबब राजे एकटेच रांधत, आणि समोर राणीसाहेबांचा रिकामा पाट मांडून जेवत. राणीसाहेबांनी माहेराहून आणलेले काकडीचे बी तेवढे राज्यात उरले होते. ती काकडी आखूड, पांढुरक्या रेघांची, आणि अशी गोड की देठापर्यंत खावी. ते बी राखावे असे राजांनी मनावर घेतले, आणि दरसाल सर्वांत थोर काकडी हेरून वेलावर पिकविली, आणि मग बी धुऊन, वाळवून, राखेत घोळून मडक्यात ठेविले. परंतु काकडी दरसाल लांब होत गेली आणि दरसाल कडू होत गेली. राजे टोक कापून फेस येईतो घासत, तरी कडूपणा हटेना. यंदा भाद्रपदात कोशिंबीर केली ती तोंडात धरवेना. मग राजे उठले आणि कोटापाशी गेले. पलीकडे राणीसाहेबांची मैत्रीण सोनाक्का शेणी थापीत होती.

राजे बोलिले, "सोनाक्का, तिच्या बियाला काय झालं गं? माझ्या हातालाच गुण नाही."

"बी कसं धरता, भावजी?"

"सगळ्यात दांडगी काकडी बघून."

"बैल निवडताय का?" सोनाक्का म्हणाली. "मैना एकेका वेलाची कवळी काकडी चावून बघायची. कडू लागली की थुंकायची. गोड लागली की त्या वेलाला लुगड्याची चिंधी बांधायची. बी त्याच वेलाचं. तुम्हीच तिला चिडवायचा की, शेळीसारखी चरते म्हणून."

चिंध्या राजांनी पाहिल्या होत्या, परंतु त्या दृष्ट लागू नये म्हणून बांधल्या असे समजून, राणीसाहेब गेल्यावर सोडून टाकिल्या होत्या.

मग राजे मोहिमेवर निघाले, आणि वेलामागून वेल वाकून, चावून, थुंकून पुढे जाऊ लागले, आणि तोंड कडूजहर जाहले. आडाकडच्या शेवटल्या वेलावर एकच काकडी होती. ती चावली आणि तीच, राणीसाहेबांच्या वेळची गोड चव. राजे मातीतच बसले आणि खात राहिले. हाती देठ उरला तेव्हा ध्यानी आले, की या वेलावर दुसरे फळ नाही.

"निघाला का एखादा गोड?" सोनाक्काने कोटावरून पुसले.

"निघाला."

"मग ठेवा फळ राखून."

"खाल्लं."

सोनाक्का म्हणाली, "पाणी घालत राहा. आणि बाकीचे वेल उपटा. त्यांच्या फुलांचा संग लागला तर परत कडूच."

मग राजांनी आपल्या हाताने आपले राज्य उजाड केले. एक वेल ठेविला. त्यास सकाळी पाणी घालीत, पानाखालचे किडे वेचीत, आणि इतक्या दिवसांत कोणाशी बोलले नाहीत तेवढे त्या वेलाशी बोलत. आश्विनात फूल धरले, आणि फुलामागे बोटाएवढी काकडी. तेव्हा राजांनी पेटीतले राणीसाहेबांचे लुगडे काढिले, ज्याची घडी कधी मोडली नव्हती, आणि त्याचा काठ फाडून वेलास बांधिला. काकडी वीतभर जाहली, कवळी, ऐन खाण्याजोगी. राजे तिच्या शेजारी बसून मिठाशी भाकरी खात, आणि हात मागे घेत. अखेर ती वेलावरच पिवळी जाहली.

बी निघाले त्यातले निम्मे राजांनी सोनाक्काच्या ओंजळीत घातले. "तुझ्याकडे असू दे," बोलिले, "माझा भरवसा नाही. मी खाऊन टाकतो."

"आता चिंधी दिसली तर सोडू नका म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि बी पदरात बांधून घेतले.

येणेप्रमाणे सालअखेर राज्यात एक मडके, त्यात राखेतले बी, आणि काठ फाटलेले एक लुगडे. चव राजांस पुन्हा ठाऊक जाहली. पाट समोर मांडतात, तो रिकामा असतो. हकीकत इतकीच.